ढिल्या पट्ट्यावरचा म्हातारा

मंदा गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो. भिजवून मोड काढलेले वाल, मधे परात, परातीत कोमट पाणी, आणि तिचा मोबाईल पाण्यापासून लांब, डब्याला टेकवून उभा. त्यावर कुणीतरी सतार वाजवत होतं. त्या आठवड्यात तिचं ते चालू होतं. आमच्या घरात लग्नापासून एक पद्धत होती. सध्या आपण जे ऐकतोय ते दुसऱ्याला द्यायचं, पण देताना तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुणी वाजवलंय, कुठलं आहे, बरं आहे की वाईट, काही सांगायचं नाही. ऐकणाऱ्याने पोटभर ऐकायचं आणि मग त्याने सांगायचं. मी सांगितलं, हा माणूस घाईत आहे, ह्याला गाडी पकडायची आहे. ती हसली. माझ्या मनगटाला वालाचं साल चिकटलं होतं ते तिने काढून टाकलं आणि म्हणाली, "तुमचा तो म्हातारा एकदा तरी ऐकवायला पाहिजे होता मला." मी म्हणालो, वाल सोल. संध्याकाळी बिरडं झालं. नारळ जरा जास्त पडला होता, मी तसं बोललोही. सकाळी ती उठली नाही.

लोक आले, सुखाचं मरण आलं म्हणाले. असं म्हणणाऱ्याने एकदा त्या अंथरुणात शेजारी जागं होऊन बघावं. असो. मला त्या म्हाताऱ्याचं लिहायचं आहे. मंदाला त्यातलं अर्धं माहीत होतं, कारण अर्धं तिच्या घरातच घडलं. उरलेलं अर्धं मी तिला सांगितलं नाही. तिला वाटायचं माझी टेप बिघडली, म्हणून म्हातारा गेला. टेप बिघडली नव्हती. पण ते पुढे येईल. माझी शाळा सातवीची, तीही दोन दमात झालेली, त्यामुळे जसं सुचेल तसं लिहितो.

मी एडवणचा. बापाची वाडी होती, पण भाऊ पुष्कळ आणि वाडी तेवढीच, म्हणून मिसरूड फुटल्यावर मला पाम गावात आत्याकडे पाठवलं, बोईसरच्या कारखान्यात लागायला. आत्याचं घर गावाच्या कडेला होतं. पुढे शेणाने सारवलेली पडवी, मागे चार नारळ, पडवळाचा मांडव आणि पाण्याचा निळा पिंप. तो पिंप कंपनीतून आलेला. किती धुतला तरी पाण्याला औषधासारखा वास यायचा, पण गावात सगळ्यांकडे तेच पिंप होते आणि सगळ्यांना तो वास पाण्याचाच वाटायचा. पाळी बदलताना कंपन्यांचे भोंगे व्हायचे. एकाचा दुसऱ्याशी मेळ नसायचा, एक संपत आला की दुसरा सुरू, आणि आत्या त्या भोंग्यांवर चूल पेटवायची आणि विझवायची. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. तांदळाची भाकरी ती अशी पातळ थापायची की तव्यावर टाकताना तिच्यातून पलीकडचा जाळ दिसावा. सोबत सुक्या बोंबलाचं कालवण, नाहीतर जवळा, नाहीतर नुसतं वालाचं पाणी. आत्याचे यजमान मी तिथे जायच्या दोन-तीन पावसाळे आधी वारले होते. ती त्यांच्याबद्दल बोलायची नाही. जेवायला मात्र ती भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि समोरची एक जागा मोकळी राहायची. मी एकदा तिथे पाट टाकला तर तिने तो उचलून माझ्या नेहमीच्या जागी ठेवला.

कारखाना रंगाचा होता. मी हेल्पर, म्हणजे पिंपातली भुकटी फावड्याने ओढायची आणि हौदात टाकायची. आमच्या खात्यात पिवळा रंग होता. तो रंग आंघोळीने जात नाही, तो आतून येतो. घाम पिवळा, बनियन पिवळं, उशीवर डोक्याची पिवळी खूण. आत्या म्हणायची, "रोज हळद लागते बघ तुला. नवरी कुटं हाय, ती काय सापडत नाय." तिला गंमत वाटायची. मला वाटायची नाही. बाजारात लोक माझ्या हातून नोट घेताना ती चिमटीत धरायचे. शुक्रवारी बोईसरला सुट्टी असायची, त्या दिवशी मी सकाळपासून सोडा आणि लिंबू लावून नारळाच्या सोडणाने हात घासायचो. कातडी लाल व्हायची आणि लाल कातडीतून पिवळा रंग पुन्हा वर यायचा.

शुक्रवारीच मी आत्याचं पडवळ आणि वांगी घेऊन बोईसरला भास्करभाऊंच्या खोलीवर जायचो. हे कुटुंब साताऱ्याकडचं. भास्करभाऊ तारापूरला वीज प्रकल्पात नोकरीला, घरात त्यांची आई, जिला सगळे आक्का म्हणायचे, आणि धाकटी बहीण मंदा. भाजी आक्कांना आवडायची, पैसे रोख द्यायच्या आणि वर ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी खायला लावायच्या. "आरं खा की, भाकरीला लाजतोस व्हय?" असं म्हणत त्या माझ्या हातांकडे बघायच्या आणि मग दुसरीकडे बघायच्या. पहिल्या वेळी त्यांनी मला कपात चहा दिला. कपाच्या कानाला माझी बोटं उमटली. दुसऱ्या वेळेपासून स्टीलचा पेला. त्यांनी ते वाईट मनाने केलं नाही, कप पांढरा होता. पण मला ते आजही आठवतं आणि आजही मी पेल्यातच चहा पितो.

भास्करभाऊंना गाण्याचं वेड होतं. पगार झाला की निम्मा कॅसेटच्या दुकानात. त्यांच्याकडे मोठी टेप होती, दोन स्पीकरची, त्यावर मंदाने भरतकाम केलेला रुमाल. दर शुक्रवारी तिथे बैठक बसायची. पिल्ले म्हणून एक केरळचा स्टोअरकीपर यायचा, शांत, कायम इस्त्रीतला. दुबे म्हणून एक उत्तर भारतातला वेल्डर यायचा, त्याचा आवाज खोलीपेक्षा मोठा. प्रत्येकाने आपण सध्या जी कॅसेट ऐकतोय ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची. नाव सांगायचं नाही. "कान कोरा पाहिजे," भास्करभाऊ म्हणायचे. आठवडाभर घरी ऐकायचं, पुढच्या शुक्रवारी आधी ऐकणाऱ्याने सांगायचं, आणि मगच ती कॅसेट सगळ्यांसमोर लागायची. आमच्या घरातली पद्धत ती तिथूनच आलेली.

एका शुक्रवारी मी भाजीची पाटी घेऊन दारात उभा राहिलो तो हललोच नाही. आत कुणीतरी सारंगी वाजवत होतं. भास्करभाऊंनी बोटानेच बस म्हणून खुणावलं. बाकीचे खाटेवर बसले होते, खाटेवर पांढरी चादर होती. मी खाली बसलो, आतल्या खोलीच्या उंबऱ्याजवळ. तीच माझी जागा झाली. भिंतीच्या पलीकडे मंदा तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला बैठकीत बसायची मुभा नव्हती, पण गाणं सुरू झालं की आतलं सूप थांबायचं आणि बाजू संपली की पुन्हा सुरू व्हायचं. मी गाणं ऐकायचो आणि ते सूपही ऐकायचो. बाकीच्यांना बोलायला शब्द होते. भास्करभाऊ राग सांगायचे, दुबे मांडीवर थाप मारून गावाकडच्या गवयांच्या गोष्टी सांगायचा, पिल्ले कमी बोलायचा पण बोलला की सगळे ऐकायचे. माझी पाळी आली की मी खाली बघायचो, कारण माझ्याकडे ना कॅसेट ना टेप. "जनार्दन का स्टेशन आज भी बंद है," दुबे म्हणायचा. मला एवढंच हवं होतं की एका शुक्रवारी मी काहीतरी बोलावं, खोलीने ते ऐकावं, आणि भिंतीच्या पलीकडचं सूप माझ्या बोलण्यासाठी थांबावं. दुसरं काही नको होतं. वीस वर्षांच्या पोराला हे फार वाटतं.

मग कंपनीतला एक माणूस नोकरी सोडून गावी जाताना त्याची टेप मी घेतली. रेडिओ आणि टेप एकत्र, मधे मूठ असलेली. रेडिओ खणखणीत लागत होता, म्हणून मला वाटलं सगळंच ठीक आहे. माझ्या आयुष्यातली ती पहिली टेप. शुक्रवारी मी सांगितलं की आता मलाही कॅसेट द्या. भास्करभाऊंना मनापासून आनंद झाला. पिल्लेने आपली गुंडाळी माझ्या हातात दिली. आत साधी भरून घेतलेली कॅसेट होती, ना चित्र ना अक्षर, नुसती कोरी पांढरी पट्टी.

त्या आठवड्याइतका सुखाचा आठवडा मला पुढे पुष्कळ वर्षं मिळाला नाही. पाळीवरून आलो की मी पडवीत टेप लावायचो. गाणारा मद्रासी भाषेत गात होता, तेव्हा आमच्याकडे दक्षिणेचं सगळं मद्रासीच. आवाज जाड, खोल, विहिरीतून वर येत असल्यासारखा. एकेक शब्द उचलायला त्याला जड जात होतं. मधेच स्वर थरथरायचा, जरा खाली बसायचा, पुन्हा उठायचा, म्हातारं माणूस जिना चढताना थांबतं तसा. सुरुवातीला काही लोक मागे घोगरं कण्हत होते आणि कुणीतरी लाकडावर लाकूड आपटावं तसे ठोके पडत होते. मला वाटलं ह्याची माणसं ह्याच्या भोवती बसली असतील.

आत्या चुलीपुढून उठून आली. पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी राहिली.

"कोन हाय रे तो, जनू?"

मी म्हणालो, माहीत नाही, मद्रासी आहे.

"बायको गेलेली हाय त्याची."

मी हसलो. तुला काय त्यांची भाषा कळते, म्हणून विचारलं.

"भाशेला काय करायचंय," आत्या म्हणाली. "जेवायला बसलाय नि वाढायला कोन नाय, तसा गातो हाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती मला सांगायची, पावण्याला लाव. पाहुणाच म्हणायची त्याला. ती टेप चुलीजवळ, वाफ लागणार नाही अशी ठेवायला लावायची आणि पाहुणा गात असताना भाकऱ्या थापायची. एका संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड न करता टेपकडे तोंड करून जेवायला बसली आणि आपल्या नवऱ्याबद्दल बोलली. त्यांना बोंबलाच्या कालवणात कैरी लागायची, कैरी नसली तर ते रुसायचे, एवढंच बोलली. मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून त्यांच्याबद्दल ऐकत होतो. मी कॅसेटची बाजू बदलली.

शुक्रवारी मी हात घासले, धुतलेला शर्ट घातला आणि रस्ताभर मनात शब्द जुळवत बोईसरला गेलो. माझी पाळी आली तेव्हा दुबे खाटेवर पसरून चणे खात होता. मी सांगायला लागलो. म्हणालो, हा एक म्हातारा माणूस आहे. समुद्राकाठचा असणार. आता फार थकलाय. ह्याची बायको गेलीय. आणि मग आत्याचं वाक्य मी माझं म्हणून सांगितलं, की जेवायला बसलाय आणि वाढायला कुणी नाही, तसा हा गातो. दुबेचे चणे थांबले. भास्करभाऊंनी डोळे मिटून मान हलवली आणि हळूच वा म्हणाले. भिंतीच्या पलीकडचं सूप थांबलेलं होतं. गाणं लागलेलं नव्हतं, तरी थांबलेलं होतं. ते मी ऐकलं. पिल्ले मात्र माझ्याकडे जरा विचित्र बघत होता, मला वाटलं त्यालाही भरून आलं असेल.

मग त्याने कॅसेट मोठ्या टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं. पोरींच्या हसण्याचा आवाज आला. पाच-सहा पोरी खिदळत होत्या, टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यातली एक गायला लागली. पातळ, धिटाईचा आवाज, पळत सुटलेला. पोरगी गाताना मधेच हसत होती.

मी म्हणालो, ही ती कॅसेट नाही. पिल्ले म्हणाला, तीच आहे. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, तुम्ही बदलली. मोठ्याने म्हणालो. ज्या माणसाने मला पहिल्यांदा विश्वासाने काही दिलं त्याला मी भर बैठकीत खोटा म्हणालो. पिल्लेला राग आला नाही. त्याने टेप थांबवली, कॅसेट बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. कोऱ्या पांढऱ्या पट्टीवर माझी बोटं पिवळी उमटली होती. अंगठा आणि दोन बोटं, दोन्ही बाजूंना.

"लड़की है, भाई," तो हळू आवाजात म्हणाला. "स्कूल में पढ़ती है. झूले के गाने हैं, त्योहार के."

आधी दुबे हसला. तो पोट धरून खाटेवर आडवा झाला आणि म्हणाला, "अरे, बुड्ढे की तो पोती निकली!" मग भास्करभाऊ हसले. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, ते मी बघितलं, पण दाबलेलं हसू नाकातून आलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मग आतूनही हसण्याचा आवाज आला, बाईमाणसाचा. आक्का हसल्या की मंदा, हे मला तेव्हा कळलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला ते विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

हसून झाल्यावर भास्करभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवून समजावून सांगितलं की टेपच्या आत रबरी पट्टा असतो. तो जुना होऊन सैल पडला की कॅसेट हळू फिरते, आवाज जाड होतो आणि पोरीचा बाप्या होतो. "कुणालाही फसवील," ते म्हणाले. पण कुणालाही फसवलं नव्हतं, मला फसवलं होतं. त्या खोलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुबेलाही ठाऊक होतं. मी माझे हात पाठीमागे घेतले आणि निघालो. पिल्ले दारापर्यंत आला, त्याने ती कॅसेट माझ्या खिशात घातली आणि पट्टा बदलून पुन्हा ऐक म्हणाला. चांगला माणूस होता. त्याच वर्षी त्याची बदली झाली, मी परत केलेली कॅसेटही त्याच्याबरोबर गेली.

मी चाळीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो असेन, तर मागून मंदा आली. हातात माझी भाजीची पाटी, मी विसरलो होतो. तोपर्यंत ती माझ्याशी भाजीपलीकडे बोललेली नव्हती. तिने पाटी दिली आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी तुमची टेप घेऊन या. मला तुमचा म्हातारा ऐकायचाय."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, त्यामुळे ती कशी म्हणाली ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं, दुबेचं हसून झालं, आता हिची पाळी. मी पाटी घेतली आणि चालायला लागलो. लग्नानंतर तिने मला शपथेवर सांगितलं की ती चेष्टा नव्हती. ती म्हणाली, भिंतीआडून तुमचं बोलणं ऐकलं तेव्हाच मला तो म्हातारा दिसला होता, ती पोरगी कुठून मधे आली मला कळेना. मी म्हणालो, टेप बिघडली. तिने मान डोलावली. मग वर्षं गेली आणि ती मधूनमधून विचारत राहिली, आणि मी तेच सांगत राहिलो. आता, मंदा जायच्या महिनाभर आधी, भाचीने मोबाईलवर एक गाणं हळू करून दाखवलं, म्हणाली बघा मामा, हे असंच ना? नाही. मोबाईलवर आवाज जाड होत नाही, नुसती बाई झोपेत बोलल्यासारखी वाटते. मंदा तिथेच बसली होती. ती म्हणाली, राहू दे गं.

त्या शुक्रवारी पामला पोचलो तेव्हा आत्याने भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. तिने विचारलं, सांगितलंस का रे लोकांना पावण्याचं? मी हो म्हणालो. आवडला का त्यांना? मी हो म्हणालो. मग लाव की त्याला. मी म्हणालो, सेल उतरले. ती भिंतीकडे तोंड करून जेवली.

शनिवारी मला दुपारची पाळी होती. सकाळी मी टेप पिशवीत घालून बोईसर स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दुकान उघडायचं होतं, मी बंद फळीसमोर उकिडवा बसून राहिलो. तो आला, त्याने टेप उघडली, चिमट्याने पट्टा बाहेर काढला आणि माझ्यासमोर लोंबता धरला. "इस पर तो सब मर्द ही गाएंगे," तो म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर हसला. मीही हसलो. त्याने नवा पट्टा घातला, माझी कॅसेट लावून बघितली, पोरी खिदळल्या, आणि तो खूश झाला. जुना पट्टा फळीवर पडला होता. त्याने विचारलं, हा घेऊन जाणार का, पोरं बेचकीला वापरतात. तो पट्टा काडेपेटीत मावला असता. त्या एका क्षणी मला हो म्हणता आलं असतं आणि पुढचं सगळं वेगळं झालं असतं, आत्याला आणि मंदाला दोघींनाही. मी म्हणालो, फेका. त्याने तो गटारात टाकला.

घरी आलो तेव्हा आत्या पडवीत तांदूळ पाखडत होती. मी टेप तिच्यासमोर ठेवली आणि लावली. पोरी हसल्या, टाळ्या वाजल्या, आणि ती पोरगी गायला लागली. आत्याचे हात थांबले. ती ऐकत राहिली. मला वाटतं ती वाट बघत होती की पोरींचं झालं की पाहुणा येईल. एक गाणं संपलं. दुसरं सुरू झालं.

"पावना कुटं गेला रे?"

"पावणा नव्हताच, आत्या. टेप खराब होती. आता नीट करून आणली."

तिने टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या हातांकडे.

"बरा केलास," ती म्हणाली. "चांगली गाते पोर."

मग तिने सूप उचललं आणि मागच्या दारी जाऊन बसली. तांदूळ पाखडल्याचा आवाज येईना, म्हणजे ती नुसतीच बसली होती. मी टेप बंद केली नाही. बटण फिरवून आवाज वाढवला, आणि ती बाजू संपेपर्यंत तिथेच बसलो.